स्वमग्न मुले, सरकारी समित्या आणि आपण

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या कुटुंबांना उपयोगी पडेल असा एखादा विषय घ्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा हा विषय मी मुद्दाम निवडला. ‘सरकारी सल्लागार समिती’ हे शब्द दिसताच पुष्कळ वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. समिती म्हटली की ठराव, चहा आणि पुढील बैठकीची तारीख एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु ज्यांच्या घरी स्वमग्न मूल आहे, त्यांचा या समित्यांशी फार निकटचा संबंध आहे. त्या मुलास प्रमाणपत्र कोणत्या मापाने मिळावयाचे, त्याच्या शाळेत विशेष शिक्षक असावयाचा की नाही, त्याच्यावर कोणता उपचार करू नये, आणि आईबापांच्या पश्चात त्याचा हात कोणी धरावयाचा, हे प्रश्न शेवटी कुठल्या ना कुठल्या समितीपुढेच जातात. विशेष हे की, यांपैकी काही समित्यांत पालकांसाठी आणि आपल्यासारख्या सेवाभावी संस्थांसाठी कायद्याने जागा ठेवलेली आहे. ती जागा कोठे आहे, हे वाचकांस ठाऊक व्हावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे बारकाईने वर्णन केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत, ठरलेल्या क्रमात थोडाही बदल त्यांस खपत नसे, आणि बोलणे असले तरी त्यांच्याशी संवाद होत नसे. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील डॉ. हान्स आस्परगर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिले. इंग्रजीत या अवस्थेस ‘ऑटिझम’ म्हणतात; मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. मेंदूची घडण होत असतानाच पडणारा हा फरक आहे, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तो सर्वांत सारखा नसतो. एखादे मूल आयुष्यभर एक शब्दही बोलत नाही, तर एखादे गणितात सर्वांच्या पुढे असते, पण वर्गातील थट्टा त्याला कळत नाही.

वर्षाचे झाल्यावरही मूल नावाने हाक मारली असता वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही. नजरेला नजर देत नाही. खेळण्यातील मोटारीचे चाकच तासन्‌तास फिरवीत बसते. शिकलेले दोनचार शब्दही विसरते. ही लक्षणे दिसली तर थांबू नये. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, तो प्रेमापोटीच. पण त्यात दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात. कोणी मुलाला दर्ग्यावर नेतो, कोणी देवऋषीकडे. दुवा अवश्य मागावी. परंतु त्याबरोबर डॉक्टरकडेही जावे.

आपल्या सरहद्दीवरच्या मुलुखात आणखी एक समजूत आहे. घरात मराठी किंवा उर्दू, गल्लीत हिंदी, शाळेत तेलुगु, उटनूरकडे गेले की गोंडी. इतक्या भाषांत मूल गोंधळले म्हणून बोलत नाही, असे सांगितले जाते. आजवरच्या अभ्यासांत दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलास अपाय झाल्याचे आढळलेले नाही. तेव्हा आईने आपल्या भाषेत मुलाशी बोलणे थांबवू नये.

समन्वय कशासाठी?

समजा, बेला मंडळातील एका शेतकऱ्याचा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि बोलत नाही. त्याला प्रथम पाहते अंगणवाडीची ताई. ती महिला व बालविकास खात्याची. त्याची तपासणी करणारे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. ते आरोग्य खात्याचे. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील पालघर येथे सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोष, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब शोधणे हे त्याचे काम, आणि स्वमग्नतेचा त्यात समावेश आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर प्रारंभिक हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. मुलगा सहा वर्षांचा झाला की शाळा येते. ती शिक्षण खात्याची. मंडळाच्या ठिकाणी दिव्यांग मुलांसाठी ‘भविता’ केंद्र असते, तेही शिक्षण खात्याचेच. प्रमाणपत्र देते वैद्यकीय मंडळ. त्यावर मिळणारे निवृत्तिवेतन ‘आसरा’ योजनेतून येते. तेलंगणात दिव्यांगांसाठी त्याची रक्कम २०१४ मध्ये दरमहा १,५०० रुपये होती, २०१९ मध्ये ३,०१६ आणि २०२३ मध्ये ४,०१६ रुपये करण्यात आली. आणि मुलगा अठरा वर्षांचा झाला की पालकत्वाचा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो.

पाहा, एका मुलासाठी किती दारे झाली! प्रत्येक दारी तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. एका दारातला कागद दुसऱ्या दारात चालत नाही. प्रत्येक खाते आपापल्या परीने काम करीत असेलही. परंतु मूल मात्र दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडते. ही फट बुजविणे यालाच समन्वय म्हणतात, आणि समितीचे खरे काम हेच. निरनिराळ्या खात्यांची माणसे एका मेजाभोवती बसवावीत, त्यांच्यासमोर पालकांना व जाणकारांना बसवावे, आणि कोणाचे काम कोठे अडते ते सर्वांसमक्ष विचारावे, ही त्यामागील कल्पना.

एका मोजपट्टीची हकिकत

समन्वय नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातील घ्यावे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नावे होती. त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. पालकांच्या संघटनांनी खटपट केली. दिल्ली येथे मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये स्थापिलेल्या ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. अखेर १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला आणि स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार अवस्थांना एकत्र संरक्षण मिळाले. (मतिमंदत्व हा शब्द कायद्याच्या नावात आहे, आज त्याऐवजी बौद्धिक दिव्यांगता म्हणतात.)

कायदा झाला, पण स्वमग्नता मोजावयाची कशी? परदेशातील मोजपट्ट्या महाग होत्या आणि आपल्या घरांतील रीतीभातींना त्या नेहमी लागू पडत नसत. सिकंदराबाद येथे मनोविकासनगरात १९८४ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. तिचे आजचे नाव राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था. तेथील तज्ज्ञांनी भारतीय मुलांसाठी एक मोजपट्टी तयार केली. तीत चाळीस प्रश्न आहेत आणि त्यांचे सहा भाग पाडलेले आहेत: माणसांशी नाते, भावनांचा प्रतिसाद, भाषा व संवाद, वागण्याच्या तऱ्हा, ज्ञानेंद्रियांच्या संवेदना आणि आकलन. प्रत्येक प्रश्नास एक ते पाच गुण. एकूण ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, आणि त्यावर तीव्र. सत्तर गुणांस चाळीस टक्के दिव्यांगता धरतात, आणि बहुतेक सवलतींचे दार चाळीस टक्क्यांस उघडते.

ही मोजपट्टी २००९ च्या सुमारास तयार होती. तिच्या आधारे प्रमाणपत्र द्यावे, अशी केंद्र सरकारची अधिसूचना निघाली एप्रिल २०१६ मध्ये. म्हणजे कायद्यानंतर सोळा वर्षे, आणि मोजपट्टी तयार झाल्यानंतर सुमारे सात वर्षे! तोपर्यंत पुष्कळ स्वमग्न मुलांना प्रमाणपत्र घ्यावयाचे तर ‘मतिमंद’ या सदराखालीच घ्यावे लागे. संशोधन एका संस्थेत झाले, आदेश दुसऱ्या कचेरीतून निघावयाचा होता, आणि प्रमाणपत्र तिसऱ्या दारी मिळावयाचे होते. सात वर्षांत तीन वर्षांचे मूल दहा वर्षांचे होते. समन्वयाअभावी किती किंमत मोजावी लागते, हे यावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत मेळ घालणाऱ्या यंत्रणेचा विचार प्रत्येक राष्ट्राने करावा, असे त्या कराराच्या ३३ व्या कलमात सांगितले आहे. त्यास अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. सातांच्या जागी आता एकवीस दिव्यांगतांची नोंद झाली आणि त्यांत स्वमग्नतेचे नाव स्पष्टपणे आले.

या कायद्याने सल्लागार मंडळांची एक उतरंड उभी केली आहे. सर्वांत वर केंद्रीय सल्लागार मंडळ. त्याचे अध्यक्ष संबंधित खात्याचे केंद्रीय मंत्री. त्यात निरनिराळ्या खात्यांचे वरिष्ठ अधिकारी, तीन खासदार, राष्ट्रीय संस्थांचे संचालक (सिकंदराबादच्या संस्थेचेही) असतात. याशिवाय पाच तज्ज्ञ आणि संस्थांचे दहा प्रतिनिधी घ्यावयाचे. हे दहा जण शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत, आणि त्यांत किमान पाच स्त्रिया, तसेच अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीची प्रत्येकी एक तरी व्यक्ती असावी, असा दंडक आहे. धोरण सुचविणे, सर्व खात्यांच्या व संस्थांच्या कामाचा आढावा घेऊन त्यांत मेळ घालणे, आणि कायद्याचा परिणाम प्रत्यक्षात काय झाला हे तपासणे, ही त्याची कामे. त्याखाली राज्य सल्लागार मंडळ. त्याचे अध्यक्ष राज्याचे मंत्री. दोन्ही मंडळांची बैठक सहा महिन्यांतून निदान एकदा झालीच पाहिजे. आणि कायद्याच्या ७२ व्या कलमान्वये प्रत्येक राज्याने जिल्हा स्तरावरही दिव्यांगता समिती नेमावयाची आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून मंचेरियाल, निर्मल आणि आसिफाबाद हे जिल्हे वेगळे झाले. तेव्हा उटनूर, जैनद, बेला, भीमपूर अशा उरलेल्या भागाचा विचार करणारे माणूस आता आदिलाबाद येथेच बसावयास हवे. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्रानेही २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. ज्यांचे नातेसंबंध नदीच्या दोन्ही काठांवर आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मात्र सवलती ज्या राज्याचा रहिवास, त्या राज्याच्याच नियमाने मिळतात.

येथे कोणी विचारील, नुसता सल्ला देणाऱ्या मंडळाचे ऐकतो कोण? प्रश्न रास्त आहे. सल्लागार मंडळ हुकूम सोडू शकत नाही. परंतु याच कायद्याने राज्य आयुक्तांचे पद ठेवले आहे, आणि त्यांच्या मदतीस पाचांपर्यंत तज्ज्ञांची सल्लागार समिती दिली आहे. आयुक्तांनी एखाद्या खात्यास शिफारस केली, तर त्या खात्याने तीन महिन्यांच्या आत काय केले ते कळवावयाचे; शिफारस मान्य नसल्यास तिची कारणे आयुक्तांस आणि तक्रार करणाऱ्यासही लेखी द्यावयाची. म्हणजे एखाद्या साध्या पालकाच्या अर्जालाही कारणासह उत्तर मिळण्याची सोय आहे. अर्ज मात्र कोणीतरी करावा लागतो.

संशोधनावर लक्ष

स्वमग्नतेवर हमखास गुण देणारे औषध नाही. बोलणे, खेळणे, स्वतःचे स्वतः करणे हे चिकाटीने शिकविल्याने पुष्कळ फरक पडतो. त्यातही लवकर आरंभ केला तर अधिक. परंतु आईबापांची अगतिकता पाहून बाजार मांडणारेही असतात. १९९८ मध्ये विलायतेत बारा मुलांवरच्या एका निबंधाने गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडला. पुढे तो निबंध सदोष ठरला आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत किती आयांनी भिऊन मुलांना लस टोचली नाही! त्याआधी काही पंडितांनी आईच्या थंडपणालाच दोष दिला होता. तोही सिद्धान्त साफ चुकीचा ठरला. म्हणून कोणत्या संशोधनावर विश्वास ठेवावा, हे पारखणारी जबाबदार माणसे हवीत.

आपल्याकडील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. मूळपेशी टोचून स्वमग्नता बरी करतो, अशा जाहिराती काही ठिकाणी होऊ लागल्या. पालक कर्ज काढून पैसे भरू लागले. तेव्हा मुंबईच्या ‘यश चॅरिटेबल ट्रस्ट’ या संस्थेने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आपल्या समितीच्या मतानुसार जाहीर केले की, स्वमग्नतेवर मूळपेशींचा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, आणि त्याची जाहिरात करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. एका धर्मादाय संस्थेने प्रश्न विचारला आणि एका समितीला उत्तर द्यावे लागले. आपणही एक ट्रस्टच आहोत, हे या ठिकाणी आठवावे.

२०१६ च्या कायद्यात संशोधनासंबंधी आणखी एक तरतूद आहे. कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करावयाचे असेल, तर तिची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि त्यासाठी नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी हवी. या समितीचे निदान निम्मे सभासद स्वतः दिव्यांग असावेत किंवा नोंदणीकृत संस्थांचे असावेत, असे कायदा सांगतो. आपल्या गावी कोणी पाहुणे तज्ज्ञ आले आणि मुलांच्या तपासणीसाठी सह्या मागू लागले, तर ही परवानगी पाहावयास मागण्याचा प्रत्येक पालकास अधिकार आहे.

उलट, चांगले संशोधन झाल्यावाचून सेवांची आखणीही होत नाही. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांत स्वमग्नतेचा रकाना वेगळा नव्हता. जे मोजलेच नाही, त्यासाठी पैसे मागावयाचे कसे? पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली. त्या ठिकाणांत हैदराबाद आणि उत्तर गोवा हीही होती. स्वमग्नता धरून मेंदूच्या वाढीशी संबंधित नऊ अवस्थांपैकी एक तरी जवळजवळ दर आठ मुलांत एकास आढळली. हा आकडा लहान नाही. आपल्या प्रत्येक शाळेत अशी मुले आहेत. आपण त्यांस आळशी, हट्टी किंवा वेडगळ म्हणतो, एवढेच.

इतर देशांत

अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने स्वमग्नतेसाठी निरनिराळ्या खात्यांची एक समन्वय समिती स्थापन झाली. संशोधनाचा आराखडा आखणे आणि कोणत्या प्रश्नावर किती काम झाले याचा हिशेब ठेवणे, हे तिचे मुख्य काम. २०१९ च्या दुरुस्तीने तीत किमान तीन स्वमग्न व्यक्ती, तीन पालक आणि तीन संस्था-प्रतिनिधी असावेत, असे ठरले. आपल्या शेजारी ढाका येथे जुलै २०११ मध्ये दक्षिण आशियातील देशांची स्वमग्नतेवर परिषद भरली आणि सर्वांनी मिळून काम करावे, असा जाहीरनामा निघाला. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेनेही सर्व राष्ट्रांस असेच आवाहन केले. देश श्रीमंत असो वा गरीब, खात्यांच्या भिंती सर्वत्र सारख्याच असतात, एवढे यावरून दिसते.

स्थानिक स्तर समिती

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. स्वमग्न मुलाच्या आईला मध्यरात्री जाग आणणारा प्रश्न एकच असतो: ‘माझ्यामागे याचे काय?’ राष्ट्रीय न्यास कायदा याच प्रश्नासाठी झाला. केंद्र सरकारने न्यासाला एकदाच शंभर कोटी रुपयांचा निधी द्यावयाचा आणि त्याच्या व्याजातून कामे चालावयाची, अशी व्यवस्था त्यात आहे. न्यासाच्या मंडळात आरोग्य, शिक्षण, अर्थ, श्रम अशा खात्यांचे अधिकारी बसतात. आणि नोंदणीकृत संस्थांचे नऊ प्रतिनिधी बसतात. त्यांपैकी तीन सेवाभावी संस्थांचे, तीन पालकांच्या संघटनांचे आणि तीन दिव्यांगांच्या संघटनांचे. न्यासाच्या ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाची सोय आहे, आणि विमा उतरविण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही.

या कायद्याच्या १३ व्या कलमाने स्थानिक स्तर समिती निर्माण केली. तिच्यात तीन जण असतात: जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला एक अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी, आणि एक दिव्यांग व्यक्ती. निदान दर तीन महिन्यांनी, किंवा गरज पडेल तशी, तिने बैठक घ्यावयाची. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. बँकेतील सही, जमिनीचा कागद, शस्त्रक्रियेची संमती यांसाठी आईबापांची सही आपोआप चालत नाही. अशा वेळी आई, बाप किंवा नातेवाईक या समितीकडे अर्ज करून आपल्या पसंतीचा पालक नेमून घेऊ शकतात. या व्यक्तीला पालकाची खरोखर गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामापुरती, हे समितीने पाहावयाचे असते.

नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावयाची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा. पालक हयगय करतो, छळ करतो किंवा पैसा खातो असे दिसल्यास नातेवाईक अथवा नोंदणीकृत संस्था त्यास काढून टाकण्याचा अर्ज करू शकते. आमच्या घरांत ‘अमानत’ हा शब्द लहानपणापासून कानी पडतो. दुसऱ्याची ठेव सांभाळावयाची आणि तिचा हिशेब द्यावयाचा, हा त्याचा अर्थ. मराठीतील ‘विश्वस्त’ या शब्दाचाही अर्थ तोच. काकाने वा मेहुण्याने पुतण्याच्या वाट्याची जमीन हळूच आपल्या नावावर करून घेतल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकू येतात. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्या वतीने हिशेब मागणारे कोणीतरी असावे, एवढ्यासाठी ही समिती आहे.

उणिवा आणि आपले काम

कागदावरील ही व्यवस्था चांगली आहे, म्हणून ती आपोआप चालते असे कोणी समजू नये. विशेष शिक्षकांचाच प्रश्न घ्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक वर्गांत दर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढील वर्गांत दर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगितले. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे सांगू शकतो की, प्रशिक्षण नसलेल्या शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका स्वमग्न मुलाकडे लक्ष देणे फार कठीण जाते. त्याचे मन कितीही चांगले असले तरी. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. मोठ्या केंद्रात जाऊन यावयाचे तर रोजंदारी करणाऱ्या बापाचे दोन दिवस बुडतात. जिल्ह्यातच सेवा उभी राहिली नाही, तर दिल्लीच्या मंडळाचे ठराव त्याच्या काय कामाचे?

म्हणून आपल्या ट्रस्टने पुढील कामे हाती घ्यावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिले, जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन स्थानिक स्तर समितीत आणि जिल्हा दिव्यांगता समितीत कोण आहेत व शेवटची बैठक केव्हा झाली, हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. दुसरे, आपल्या सभासदांच्या व शेजाऱ्यांच्या कुटुंबांतील अशा मुलांची, पालकांच्या संमतीने, एक वही करावी: वय, भाषा, प्रमाणपत्र आहे की नाही, शाळेत जाते की नाही, काय अडते. समितीपुढे दुःख सांगितले तर सहानुभूती मिळते. नोंदी ठेवल्या तर उत्तर द्यावे लागते. तिसरे, नियमांत बसत असल्यास ट्रस्टने राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी करावी. कारण नोंदणी असलेल्या संस्थेलाच समितीत बसता येते आणि दुर्बळाच्या वतीने अर्ज करता येतो. चौथे, सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या आईबापांना एकत्र बोलावून पालकत्वाचा अर्ज कसा करावयाचा, हे एखाद्या जाणत्या वकिलाकडून समजावून द्यावे. या चारही कामांना पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि कचेरीच्या पायऱ्या पुन्हापुन्हा चढण्याची तयारी.

महोत्सवाच्या निमित्ताने आपण मागील वर्षांत दिलेल्या शिष्यवृत्त्या, वाटलेली पुस्तके आणि बांधलेल्या खोल्या यांचा हिशेब मांडू, आणि ते योग्यच आहे. त्या हिशेबात पुढील वर्षी एक नवी ओळ पडावी, अशी इच्छा आहे: इतक्या मुलांची नोंद केली, इतक्यांस प्रमाणपत्र मिळाले, इतक्यांस पालक मिळाला. सरकारने समितीत संस्थेसाठी जागा ठेवली आहे. तेथे जाऊन बसणे मात्र आपल्याला करावयाचे आहे.